होमब्रूअर, ब्रूअर की ब्रूमास्टर? घरी बिअर बनवणाऱ्यांच्या बिरुदांचा उलगडा

घरच्या घरी बिअर बनवण्याच्या छंदाविषयी वाचायला घेतले की पहिल्या काही पानांतच वाचक नावांच्या गर्दीत सापडतो. कोणी स्वतःला होमब्रूअर म्हणवतो, कोणी नुसताच ब्रूअर. कोणी 'मी अजून एक्स्ट्रॅक्टवरच आहे' असे काहीसे ओशाळून सांगतो, तर कोणी दोन-चार घाणे उतरवले न उतरवले तोच ब्रूमास्टर हे बिरुद लावून मोकळा होतो. स्पर्धांचे निकाल पाहावेत तर तिथे सर्टिफाइड जज, नॅशनल जज, मास्टर जज अशी आणखी एक उतरंड दिसते. या छंदाबाहेरच्या माणसाला साहजिकच वाटते की ही सगळी नावे एकाच जिन्याच्या पायऱ्या असणार, खालची पायरी नवशिक्याची आणि वरची उस्तादाची.

प्रत्यक्षात ही नावे तीन अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बनवलेली बिअर विकली जाते का, हा पहिला प्रश्न. कृतीतला किती भाग स्वतःच्या हाताने केला, हा दुसरा. आणि त्या माणसाच्या कौशल्याची किंवा जिभेची पारख दुसऱ्या कोणी केली आहे का, हा तिसरा. या तिन्हींची सरमिसळ झाली की उगाच वाद होतात, नवखी माणसे बिचकतात आणि बिरुदांना नसलेले वजन येते. ती सरमिसळ सोडवणे हा या लेखाचा हेतू आहे, आणि त्यासाठी आधी बिअर बनते कशी हे थोडक्यात पाहावे लागेल, कारण निम्मी नावे त्या कृतीतूनच आलेली आहेत.

आधी कृती समजून घेऊ

बिअरला मुळात चार गोष्टी लागतात: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुतेक वेळा बार्ली. हॉप्स ही एका वेलीची फुले. त्यांच्यामुळे बिअरला कडवटपणा आणि सुगंध येतो. यीस्ट हा एकपेशीय जीव, आणि द्रव आंबवण्याचे काम त्याचे.

भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरू देतात. या पायरीला मॅशिंग म्हणतात. धान्याला मोड येताना त्यात जी विकरे तयार झालेली असतात, ती या उबेत जागी होऊन दाण्यातल्या पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करतात. तापमान या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवले तर यीस्टला सहज पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. वरच्या टोकाला ठेवले तर न पचणारी साखर मागे उरते आणि बिअरला अंग येते. दोन-तीन अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभाव पालटतो, आणि या छंदातल्या लोकांना मॅशिंगचा जो अभिमान असतो त्याचे मूळ इथे आहे.

धान्य गाळून उरलेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. वर्ट साधारण तासभर उकळतात. उकळीच्या सुरुवातीला टाकलेल्या हॉप्समुळे कडवटपणा येतो, शेवटच्या मिनिटांत टाकलेल्यांमुळे सुगंध टिकतो. मग वर्ट शक्य तितक्या लवकर थंड करून, निर्जंतुक केलेल्या भांड्यात ओतून त्यात यीस्ट सोडतात. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २० अंशांना सुखाने काम करते. लागरच्या यीस्टला १० अंशांच्या आसपासची थंडी आणि पुढे कित्येक आठवड्यांचा धीर लागतो. आंबण्याची क्रिया संपल्यावर बाटल्या भरताना मोजून थोडी साखर घालतात, म्हणजे उरलेले यीस्ट बंद बाटलीतच वायू तयार करते आणि बुच उघडल्यावर फेस येतो. अमेरिकेतल्या घरगुती घाण्याचे रूढ माप पाच गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे असते.

व्यावसायिक कारखान्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येते: ब्रूअर वर्ट बनवतो, बिअर यीस्ट बनवते. बिरुदांचा विचार करताना हे वाक्य हाताशी ठेवावे, कारण माणसाच्या कर्तबगारीचा मोठा वाटा यीस्टला नीट काम करता यावे अशी परिस्थिती राखण्यात, म्हणजे सफाईत आणि तापमान सांभाळण्यात, खर्च होतो. भांडी घासणे, नळ्या धुणे, बाटल्या निर्जंतुक करणे यातच दिवसाचा मोठा भाग जातो.

कायद्याला फक्त विक्रीशी देणेघेणे आहे

होमब्रूअर या नावाचा पाया कौशल्यात नसून कायद्यात आहे. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली आणि १९३३ साली उठली. पण बंदी उठवताना घरगुती वाइनला मोकळीक मिळाली आणि घरगुती बिअर मात्र तशीच बेकायदा राहून गेली. हा विसंगत प्रकार पुढे पंचेचाळीस वर्षे चालला. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने स्वतःच्या आणि कुटुंबाच्या वापरासाठी घरी बनवलेल्या बिअरवरचा संघराज्याचा कर उठला, आणि फेब्रुवारी १९७९ पासून ती सवलत लागू झाली. मर्यादा अशी की घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३८० आणि ७६० लिटर. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने सगळीकडे परवानगी मिळायला आणखी बराच काळ गेला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली आली. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानुसार घरी बिअर बनवायला परवाना लागत असे. तो १९६३ साली रेजिनल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना रद्द झाला. जपानमध्ये आजही एक टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय परवान्याशिवाय घरी आंबवता येत नाही.

या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट समान आहे. बनवणारा किती निष्णात आहे याची विचारपूस कोणी करत नाही; बिअर विकली जाते का, एवढेच पाहिले जाते. खासगी गाडी आणि भाड्याची गाडी यांत जो फरक तोच इथे आहे. चालवणारा तोच, हात तितकाच सफाईदार, रस्ताही तोच. पण प्रवाशाकडून भाडे घेतले त्या क्षणी वेगळा परवाना, वेगळा विमा, वेगळी तपासणी लागते. अमेरिकी नियमांनुसार घरची बिअर मित्राकडे नेता येते, स्पर्धेला पाठवता येते, मेळाव्यात चाखायला देता येते. तिचे पैसे घेतले की मात्र बनवणाऱ्याची गणना कारखानदारात होते आणि त्याला संघराज्याच्या कर विभागाकडे रीतसर नोंदणी करावी लागते.

म्हणूनच 'होमब्रूअर' हे नाव कमीपणाचे समजण्याचे कारण नाही. ते फक्त एवढेच सांगते की ही बिअर विकण्यासाठी नाही. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी: जिथे घरी बिअर बनवायला परवानगीच नाही, तिथे स्वतःला होमब्रूअर म्हणवून घेतल्याने किंवा 'हौस म्हणून करतो' असे सांगितल्याने कोणतेही संरक्षण मिळत नाही.

या नावाचा एक लक्षात येण्याजोगा वापर स्पर्धांच्या नियमांत दिसतो. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन ही संघटना चार्ली पपेझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी १९७८ सालीच कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे सुरू केली, आणि पुढच्याच वर्षापासून तिची राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. या स्पर्धेत व्यावसायिक कारखान्याच्या जागेत बनवलेली बिअर चालत नाही. पण कारखान्यात नोकरी करणारा माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या भांड्यांत बनवलेली बिअर पाठवू शकतो. तोच माणूस सकाळी कामावर व्यावसायिक आणि रविवारी घरी हौशी. नाव माणसाला चिकटलेले नसून जागेला चिकटलेले आहे.

एक्स्ट्रॅक्ट, ऑल-ग्रेन आणि 'खरा' ब्रूअर

आता दुसरा प्रश्न: कृतीतले किती आपण केले? इथेच सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

मॅशिंगची पायरी कारखान्यात उरकून, वर्टमधले पाणी काढून त्याचा काकवीसारखा दाट पाक किंवा कोरडी पूड करतात. हे माल्ट एक्स्ट्रॅक्ट. ते पाण्यात विरघळवून, हॉप्स घालून उकळणारा तो एक्स्ट्रॅक्ट ब्रूअर. एक्स्ट्रॅक्टमध्ये हॉप्सही आधीच घातलेले असतील आणि डब्यावरच्या सूचनांप्रमाणे फक्त पाणी आणि यीस्ट मिसळायचे असेल, तर तो किट ब्रूअर. माल्ट स्वतः भिजवून मॅशिंगपासून सुरुवात करणारा ऑल-ग्रेन ब्रूअर. थोडे मॅशिंग आणि थोडे एक्स्ट्रॅक्ट वापरणारा पार्शल मॅशवाला. गेल्या काही दशकांत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी एक सुटसुटीत पद्धत रूढ केली: सगळे धान्य एका मोठ्या जाळीदार पिशवीत घालून उकळायच्याच भांड्यात मुरवायचे आणि मग पिशवी उचलून निथळायची. तिला ब्रू-इन-अ-बॅग म्हणतात. या पद्धतीमुळे मॅशिंगला वेगळी भांडी लागेनाशी झाली आणि पुष्कळांचा ऑल-ग्रेनकडचा रस्ता सोपा झाला.

एक्स्ट्रॅक्टकडे नाक मुरडून पाहण्याची सवय जुनी आहे आणि तिला काही ऐतिहासिक कारणही आहे. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात माल्टचा पाक बेकरीच्या पदार्थांसाठी म्हणून दुकानांत उघडपणे विकला जाई, आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण तो घरी आंबवत. पाकात ढीगभर साधी साखर मिसळलेली, पाव फुगवायचे यीस्ट टाकलेली ती बिअर बेचवच असे. पुढच्या काळातही किटांच्या डब्यांवर किलोभर साखर घालण्याच्या सूचना असत आणि एक्स्ट्रॅक्ट कित्येकदा जुने झालेले असे. 'घरची बिअर' म्हणजे पातळ आणि विचित्र वासाची, हा समज तिथून आला. आज मिळणारे ताजे एक्स्ट्रॅक्ट आणि बिअरसाठी खास जोपासलेली यीस्टची वाणे यांच्याशी त्याचा संबंध उरलेला नाही.

मग ऑल-ग्रेनवालाच खरा ब्रूअर, हा दावा कितपत टिकतो? मला तो टिकत नाही असे स्पष्ट वाटते, आणि त्याचे कारण बिअरच्या दोषांच्या यादीत आहे. लोण्यासारखा वास येतो तो डायअॅसिटिल नावाच्या द्रव्यामुळे. ते यीस्टच्या कामात तयार होते आणि यीस्टला पुरेसा वेळ मिळाला तर तेच ते शोषूनही घेते. कच्च्या सफरचंदासारखा वास बहुधा आंबण्याची क्रिया अपुरी राहिल्याची खूण. घशाला जाळणारी तिखट चव फार उष्ण तापमानाला आंबवल्यामुळे येते. आंबूस, बुळबुळीत झालेली बिअर म्हणजे कुठेतरी सफाई चुकून परके जिवाणू घुसलेले. हे सगळे दोष मॅशिंगनंतरचे आहेत. वर्ट धान्यापासून आलेले असो वा डब्यातून, ते थंड झाल्यावर पुढे जे घडते त्यात दोघांचीही परीक्षा सारखीच. सफाईत आणि तापमानात चोख असलेल्या एक्स्ट्रॅक्ट ब्रूअरची बिअर, मॅशिंगचे तक्ते पाठ असलेल्या पण यीस्टला वाऱ्यावर सोडणाऱ्या ऑल-ग्रेन ब्रूअरच्या बिअरपेक्षा चांगली उतरते.

शिवाय 'सगळे स्वतः केले' ही रेष कुठे ओढायची? ऑल-ग्रेनवाला माल्ट विकतच आणतो. बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवणारे हौशी लोक विरळाच. यीस्टही प्रयोगशाळेतून पुडीत किंवा कुपीत येते. मॅशिंग ही रेष ओढायची एक जागा आहे, एकमेव नव्हे.

तरीही ही नावे टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही, कारण सल्ला मागताना ती फार उपयोगी पडतात. 'माझी बिअर अपेक्षेपेक्षा गोड राहिली' एवढेच सांगितले तर कोणी काही सांगू शकत नाही. सांगणारा ऑल-ग्रेनवाला असेल तर पहिली शंका मॅशिंगच्या तापमानाची. एक्स्ट्रॅक्टवाला असेल तर ते तापमान त्याच्या हातात नव्हतेच, म्हणून शंका यीस्टच्या प्रमाणाकडे किंवा खोलीच्या थंडीकडे वळते. कृतींची टिपणेही दोघांसाठी वेगळी लिहावी लागतात. पद्धतीचे नाव म्हणून एक्स्ट्रॅक्ट किंवा ऑल-ग्रेन म्हणावे. पायरीचे नाव म्हणून म्हणू नये.

मग नुसते 'ब्रूअर' का म्हणवून घेऊ नये?

यावर व्यावसायिकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात की १९ लिटरचा घाणा बिघडला तर घरातल्या मोरीत ओतून टाकता येतो. आमचा घाणा हजारो लिटरचा असतो आणि त्यावर पगार, कर्जाचे हप्ते आणि कराच्या नोंदी अवलंबून असतात. तीच बिअर, त्याच चवीची, वर्षभर, धान्याचे पीक आणि हॉप्सचा हंगाम बदलला तरी बनवत राहणे हे त्यांचे खरे कसब. त्याखेरीज दाबाखालची भांडी, दाहक रसायने आणि बंद टाक्यांत साचणारा कार्बन डायऑक्साइड यांचा रोजचा धोका असतो. घरच्या शेगडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला यातले फारसे काही सोसावे लागत नाही.

हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येते की ब्रूअर हे नाव मुळात कामाचे आहे. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट घेऊन जो बिअर बनवतो तो ब्रूअर, मग भांडे केवढेही असो. छंदातल्या मंडळींमध्ये बोलताना कोणी स्वतःला ब्रूअर म्हटले तर त्यात फसवणूक नाही, कारण ऐकणाऱ्या सगळ्यांना संदर्भ ठाऊक असतो. अनोळखी माणसाला मात्र तो शब्द नोकरीचे नाव म्हणून ऐकू येण्याची शक्यता असते. तिथे 'घरी बनवतो' हे दोन शब्द जोडावेत. ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल का, ही कसोटी मला पुरेशी वाटते.

ब्रूमास्टर: या नावाला जपून हात लावावा

मास्टर हा शब्द आला की प्रश्न बदलतो, कारण आता तिसरा प्रश्न पुढे येतो: पारख कोणी केली?

जर्मनीत याचे उत्तर नेमके आहे. तिथे बिअर आणि माल्ट बनवण्याचे शिक्षण हा तीन वर्षांचा उमेदवारीचा अभ्यासक्रम असतो, आणि त्यानंतर पुढील तयारी करून माइस्टर ही परीक्षा द्यावी लागते. कारागिरीच्या धंद्यांतली माइस्टर ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. परीक्षा न देता ती लावता येत नाही. ब्रिटनमधली इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंग ही संस्था मास्टर ब्रूअर ही पात्रता परीक्षा घेऊनच देते. अमेरिकेत ब्रूमास्टर या शब्दाला असे कायदेशीर कुंपण नाही. तिथे तो कारखान्यातल्या हुद्द्याचे नाव म्हणून वापरला जातो: पाककृती ठरवणारा, कच्चा माल निवडणारा, दर्जाची अंतिम जबाबदारी घेणारा माणूस. काही कारखाने त्याच माणसाला हेड ब्रूअर म्हणतात, आणि त्यातल्या पुष्कळांना तेच साधे नाव जास्त आवडते.

कायदा आड येत नाही म्हणून हौशी माणसाने ब्रूमास्टर म्हणवून घ्यावे का? माझे उत्तर नाही असे आहे. ब्रूअर हे नाव 'मी काय करतो' ते सांगते आणि ते कोणीही सांगू शकतो. मास्टर हे नाव 'मी किती जाणतो' ते सांगते, आणि ते दुसऱ्याने म्हणायचे असते. वर्षानुवर्षे टाक्यांत उतरून, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ज्यांनी ते नाव मिळवले, त्यांच्या कष्टांची बूज राखण्याचा हा भाग आहे.

परीक्षा देऊन मिळणारी नावे

हौशी माणसाला आपले ज्ञान सिद्ध करायचे असेल तर त्यासाठी रीतसर वाट उपलब्ध आहे. १९८५ साली सुरू झालेला बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम स्पर्धांसाठी परीक्षक तयार करतो. आधी संगणकावरची प्रवेश परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर चाखण्याची परीक्षा, जिच्यात नव्वद मिनिटांत सहा बिअरांचे लेखी मूल्यमापन करावे लागते. साठ टक्के गुणांना रेकग्नाइज्ड, सत्तरला सर्टिफाइड. ऐंशीच्या पुढे लेखी परीक्षाही देऊन नॅशनल, नव्वदला मास्टर, आणि त्याच्याही वर ग्रँड मास्टर. सर्टिफाइडपासून पुढे नुसते गुण पुरत नाहीत. प्रत्यक्ष स्पर्धांत परीक्षण केल्याचा अनुभवही नोंदवावा लागतो.

इथे एक गफलत फार होते. ही श्रेणी परीक्षकाची आहे, बनवणाऱ्याची नाही. मास्टर जज उत्तम बिअर बनवेलच असे नाही, आणि अनेक पदके मिळवणारा माणूस कधी परीक्षेला बसलेलाही नसतो. सिसेरोन हे आणखी वेगळे नाव आहे: २००८ पासून दिल्या जाणाऱ्या त्या प्रमाणपत्राचा रोख बिअर साठवणे, वाढणे आणि जेवणाशी जुळवणे यांवर असतो, आणि ते नाव परीक्षा दिल्याशिवाय वापरता येत नाही.

स्पर्धेच्या टेबलावर बिरुदांचे काय होते ते पाहण्याजोगे आहे. बाटली पाठवताना तिच्यावर कोणतेही लेबल किंवा छाप ठेवता येत नाही. बुचावर काही छापलेले असेल तर ते काळ्या मार्करने रंगवून टाकायचे. माहितीची चिठ्ठी रबरबँडने बाटलीला बांधलेली असते आणि ती नोंदणीच्या वेळी काढून तिच्या जागी क्रमांक येतो. परीक्षकाच्या हाती फक्त क्रमांक आणि बिअरचा प्रकार असतो. पन्नास गुणांचा कागद असा वाटलेला असतो: सुगंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. बनवणारा एक्स्ट्रॅक्टवाला आहे की ऑल-ग्रेनवाला, नवखा आहे की मुरलेला, यासाठी त्या कागदावर रकानाच नाही.

क्राफ्ट, नॅनो आणि भटके ब्रूअर

ही नावे विक्री करणाऱ्यांची आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अमेरिकेतली ब्रूअर्स असोसिएशन ही व्यापारी संघटना वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेल्या आणि क्राफ्ट ब्रूअर नसलेल्या मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या कारखान्याला क्राफ्ट ब्रूअर मानते. अमेरिकी बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. उत्पादनाची ही मर्यादा २०११ पर्यंत २० लाख बॅरलची होती. तेव्हा घरी बनवणाऱ्याने स्वतःला क्राफ्ट ब्रूअर म्हणणे चुकीचेच, हातकारागिरी कितीही असली तरी. नॅनो ब्रूअरी म्हणजे अगदी लहान परवानाधारक कारखाना, आणि स्वतःचा कारखाना नसताना दुसऱ्यांच्या टाक्या भाड्याने घेऊन बनवणारा तो भटका ब्रूअर. डेन्मार्कमधल्या मिकेलर या नाममुद्रेचे मिकेल बोर्ग ब्यर्गसो हे मुळात शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी बिअर बनवत. २००६ साली त्यांनी याच भटक्या पद्धतीने व्यवसाय सुरू केला. केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको इथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान काढले आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा या आपल्या बिअर कारखान्याचा पहिला घाणा घातला. हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली भिंत कौशल्याची नसून परवान्याची आहे, याचा यापेक्षा ठळक दाखला नको.

'हौशी' हे नाव तरी सगळ्यांना बसते का?

पूर्णपणे बसत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बिअरसदृश एल बनवणे हे घरकामातच मोडे आणि ते बहुतांशी बायका करत. उरलेली एल शेजाऱ्यांना विकत. त्यांना हौशी म्हणावे की व्यावसायिक, हा प्रश्नच त्यांच्या काळाला लागू होत नाही. नॉर्वेतल्या वोस भागातल्या शेतघरांत पिढ्यान्पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट वापरतात. ते ४० अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही स्वच्छ चवीची बिअर देते, जिथे नेहमीचे एल यीस्ट चव बिघडवून ठेवील. फिनलंडमध्ये साहटी नावाची बिअर अशीच घराघरांत टिकली. ही माणसे छंद म्हणून हे करत नाहीत. सणासमारंभाला लागते ते बनवतात आणि आईवडिलांकडून शिकलेले पुढे चालवतात. त्यांना होमब्रूअर म्हटले तर शब्दार्थाने खरे, पण विकत आणलेल्या पुस्तकावरून शिकलेल्या छांदिष्टाच्या रांगेत त्यांना बसवणे मला पटत नाही.

नावाने एवढे काय बिघडते?

हा प्रश्न रास्त आहे. शेवटी ग्लासातली बिअर महत्त्वाची. पण नावांचे परिणाम घडतात. एक्स्ट्रॅक्टवाल्याला सतत 'खऱ्या' कृतीकडे ढकलले की तो यीस्ट आणि तापमान शिकण्याआधीच महागड्या भांड्यांच्या मागे लागतो, बिअर सुधारत नाही आणि छंद सुटतो. ब्रूमास्टर म्हणवणाऱ्या नवख्याचा चुकीचा सल्ला त्या नावाच्या वजनाने खरा धरला जातो, आणि बाटलीत साखर किती घालावी याबाबतचा चुकीचा सल्ला म्हणजे दाबाने फुटणाऱ्या काचा.

घरच्या बाटल्यांवर चिकटवलेल्या लेबलांनाही हीच कसोटी लावावी. पुष्कळ हौशी लोक आपल्या तळघराला किंवा गॅरेजला कारखान्याचे काल्पनिक नाव देतात, चित्र काढतात आणि छापलेला कागद दुधात बुडवलेल्या कुंचल्याने बाटलीवर चिकटवतात. दूध वाळले की कागद घट्ट बसतो आणि बाटली धुताना पाण्यात सहज सुटतो. यात आनंद आहे आणि त्यावर कोणी हरकत घेऊ नये. मात्र बाटली घराबाहेर जाणार असेल तर कारखान्याच्या नावाखाली 'घरी बनवलेली, विक्रीसाठी नाही' हे लिहावे, भरल्याची तारीख आणि अल्कोहोलचे अंदाजे प्रमाण लिहावे, आणि आत काय घातले तेही. बार्ली आणि गहू यांत ग्लुटेन असते, मिल्क स्टाउट या गडद बिअरमध्ये दुधातली साखर घातलेली असते आणि ती यीस्टला पचत नसल्याने शेवटपर्यंत तशीच राहते. ज्याला ती सोसत नाही अशा पाहुण्याला बनवणाऱ्याच्या बिरुदापेक्षा ती एक ओळ वाचायला मिळणे जास्त गरजेचे आहे.